गिनी पिगचं गवत: स्वस्तात घ्यायचं कुठून आणि पावसाळ्यात ठेवायचं कसं

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ना' बरेचसे काढले आहेत, सगळे नाही.)

आजचा विषय आहे गवत. हो, गवतच. वाळलेलं.

नाशिकच्या एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला होता. कॉलेजमध्ये आहे, घरी दोन गिनी पिग आहेत. ती म्हणते, "ताई, ते बाहेरून येणारं टिमोथी हे फार महाग पडतं. पप्पा म्हणतात, एवढा खर्च झेपत नसेल तर देऊन टाक कोणाला तरी. मग फक्त पेलेट आणि भाजीवर ठेवलं तर चालेल का?"

सरळ उत्तर देते. फक्त पेलेट आणि भाजीवर ठेवलं तर नाही चालणार. पण त्यांना देऊन टाकायचीही गरज नाही. खर्च चुकीच्या जागी होतोय एवढंच. बहुतेक जण पेलेटची मोठी पिशवी घेतात आणि गवताची छोटी पाकिटं. व्हायला पाहिजे बरोबर उलटं. गवत मोठ्या मापात, पेलेट छोट्या मापात. आजचा सगळा भाग या एका वाक्यावर आहे.

आणि हो, इंग्रजीत याला 'हे' म्हणतात, पण मराठीत बोलताना "हे आणलंस का?" "कुठलं हे?" असं होऊन बसतं. म्हणून मी आपलं सरळ गवत म्हणणार. ओलं असेल तिथे ओलं म्हणेन.

गवतावाचून का चालत नाही

गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचेही आणि आतल्या दाढाही. ते झिजायला लांब, चरबरीत काडी तासन् तास चावावी लागते. पेलेट तोंडात गेलं की दोन मिनिटांत भुगा होतो, दाढेला काम मिळत नाही. मग दाढा वाकड्या वाढतात, जिभेला नाही तर गालाला टोचतात, तोंडातून लाळ गळायला लागते आणि प्राणी खाणं सोडतो. भूक असते, पण चावता येत नाही. पुढचे दात आपल्याला दिसतात, दाढा दिसत नाहीत. त्यामुळे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट पोटाची. यांचं पचन बरंचसं मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत होतं, तिथले जिवाणू तंतू आंबवतात. ही गिरणी चालू ठेवायची तर वरून सतत धान्य पडत राहायला हवं, आणि इथे धान्य म्हणजे गवत. गिनी पिगने अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर ती डॉक्टरकडे न्यायची वेळ आहे, "उद्या बघू" म्हणायची नाही. यांना उलटीसुद्धा करता येत नाही, त्यामुळे पोटात जे गेलं ते पुढेच जायला लागतं.

म्हणून दिवसभर, रात्रीसुद्धा, पिंजऱ्यात गवत असायलाच हवं. पेलेट ही जोड आहे, मुख्य जेवण नाही. आपल्याकडे लोणचं असतं ना पानात, तसं.

किती लागतं ते आधी मोजा

इथे थोडं गणित आहे. स्किप करू नका, पैसे यातच वाचतात.

मोठा गिनी पिग साधारण १ किलोचा धरा. दर १०० ग्रॅम वजनाला रोज अंदाजे ६ ग्रॅम कोरडं खाद्य असा ढोबळ हिशोब असतो. म्हणजे एकाला ६० ग्रॅम. त्यातले १५ ते २० ग्रॅम पेलेट, साधारण दोन सपाट टेबलस्पून. उरलेलं ४० ते ४५ ग्रॅम गवत. दोघांचं मिळून ८० ते ९० ग्रॅम पोटात जातं. पण हे महाशय गवतावर बसतात, त्यावरच शू करतात, आणि मग ते खात नाहीत. नासाडी धरून रोज १२० ते १३० ग्रॅम पकडा. महिन्याला ४ किलोच्या आसपास झालं.

आता तुमच्या गावचा भाव टाका. समजा, फक्त उदाहरण म्हणून, पाकिटातलं गवत डिलिव्हरीसकट किलोला ७०० रुपये पडतंय. ४ किलोचे २,८०० झाले. तेच स्थानिक वाळलं गवत समजा ४० रुपये किलोने मिळालं तर १६०. आकडे तुमच्याकडे वेगळे असतील, पण फरकाची जात हीच राहते. पाकिटाची किंमत कधीही पाकिटाला बघू नका, किलोला बघा. डिलिव्हरी मिळवून बघा. पाकीट फुगीर दिसतं, आत ४०० ग्रॅम असतं.

नासाडी कमी करायला एक साधी गोष्ट. गवत एकदम न टाकता दिवसातून तीनदा टाका. पुठ्ठ्याच्या खोक्याला हाताएवढी भोकं पाडून त्यात भरा. माझ्याकडे भाकरी आणि ठेचा नावाचे दोन आहेत. ठेचा खोक्याच्या आत घुसूनच खातो, तो भाग वेगळा. पण जमिनीवर पसरण्यापेक्षा निम्मं तरी वाचतं.

टिमोथीत असं काय आहे?

टिमोथी हे एका माणसाचं नाव आहे, माहीत होतं? अठराव्या शतकात अमेरिकेत टिमोथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्याने या गवताचा प्रसार केला म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. थंड हवेतलं गवत आहे. आपल्या उष्ण हवेत ते नीट होत नाही. म्हणून बाजारात येतं ते अमेरिका-कॅनडाकडून, जहाजाने. आपण पैसे मोजतो त्यातला मोठा वाटा त्या प्रवासाचा असतो.

टिमोथी चांगलंच आहे, वाद नाही. तंतू भरपूर, कॅल्शियम बेताचं. पण त्यात जादू नाही. गिनी पिगला 'गवतवर्गातलं, तंतुमय, स्वच्छ, कोरडं' असं काहीतरी हवं असतं. त्यावर टिमोथी लिहिलंय का, हे तो वाचत नाही.

मग आपल्याकडे काय आहे? माझ्या मते पहिला नंबर ओटचा. म्हणजे ज्याचे आपण ओट्स खातो तेच पीक, पण चाऱ्यासाठी घेतलेलं. महाराष्ट्रात दूधवाले शेतकरी रब्बीत ओट लावतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले हरिता' नावाचं वाणच आहे त्यासाठी. तुमच्या ओळखीत, नात्यात, मित्राच्या मामाकडे गाई-म्हशी असतील तर विचारा. नुकतंच फुलोऱ्यात आलेलं, दाणे भरायच्या आधी कापलेलं ओट सावलीत उलटंपालटं करून वाळवलं की हिरवट रंग आणि गोडसर वास टिकतो. दाणे भरल्यावर नको, मग ते खुराकासारखं होतं आणि पोरं लठ्ठ होतात.

दुसरं, हराळी. म्हणजे आपल्या दूर्वा! परदेशात हेच गवत बर्म्युडा म्हणून विकतात आणि वाळवून जनावरांना, गिनी पिगांनाही घालतात. कोणाच्या शेताच्या बांधावर, सोसायटीच्या गच्चीवरच्या वाफ्यात स्वच्छ हराळी असेल तर कापून, धुऊन, सावलीत सुकवा. रस्त्याकडेची नको. तिथे गाड्यांचा धूर, कुत्र्यांची शू, तणनाशकाची फवारणी, काहीही असू शकतं. आणि गणपतीला वाहिलेल्या दूर्वा "वाया कशाला घालवायच्या" म्हणून घालू नका. त्यावर कुंकू, गुलाल, अष्टगंध असतं.

तिसरं, माळावरचं, डोंगरातलं गवत. मारवेल, पवना वगैरे. पावसाळा संपला की कापतात, पेंढ्या बांधतात, गंजी रचतात. तबेल्यांना हेच जातं. हे सगळ्यात स्वस्त. पण बरंच उशिरा कापलेलं असतं, पिवळं आणि काडी काडी. दातांसाठी उत्तम, पोषणाला कमी. मी याचा वापर करते, पण एकट्याच्या भरवशावर नाही. महिन्याच्या चारपैकी तीन किलो हे आणि एक किलो ओट किंवा टिमोथी, असं मिसळते.

आता काय नको ते सांगते. कडबा नको, ज्वारीची ती जाड ताटं यांच्या कामाची नाहीत. कोवळी हिरवी ज्वारी तर अजिबात नको, तिच्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो, गाईगुरंसुद्धा त्याने दगावतात. भाताचा पेंढा स्वस्त असतो पण त्यात सिलिका जास्त आणि जीव कमी. अंथरायला ठीक, जेवण म्हणून नाही. हत्ती घास, म्हणजे नेपियर, त्यात ऑक्झलेट असतं. रोजचं मुख्य खाणं करू नका.

आणि लसूणघास. हे नीट ऐका, कारण इथेच गोंधळ होतो. लसूणघास म्हणजेच अल्फाल्फा. हिरवीगार, पानदार, यांना प्रचंड आवडते आणि आपल्याकडे सहज मिळते. पण ती गवत नाही, द्विदल आहे. मेथीची लांबची बहीण समजा. तिच्यात कॅल्शियम टिमोथीच्या साधारण तिप्पट असतं. गिनी पिग जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतो, आणि त्यातून मूत्राशयात खडे होतात. खडा झाला की ऑपरेशन. म्हणून सहा महिन्यांच्या आतली पिल्लं, गाभण किंवा पाजणारी मादी, यांना लसूणघास ठीक. मोठ्यांना आठवड्यातून एखादी काडी, लाड म्हणून.

गवतवाल्याशी बोलणं

मी डोंबिवलीत राहते. कल्याणच्या पुढे गेलं की तबेले आहेत, मुरबाड-शहापूरकडून गवत येतं. पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी विचारलं, "किती म्हशी?" म्हटलं, "म्हशी नाहीत काका, दोन गिनी पिग आहेत." फोटो दाखवला. "हे तर उंदीर आहेत! उंदराला गवत विकत घेता?" (हसते) पण पेंढ्या त्यांनीच निवडून दिल्या. आता गेले की "उंदीरवाली ताई आली" म्हणतात.

त्यांना विचारायचे प्रश्न मोजके. "काका, कधी कापलंय?" "पाऊस लागला का याला?" "गंजीतलं वरचं आहे की मधलं?" गंजीचं वरचं आणि तळाचं गवत भिजलेलं असू शकतं, मधलं चांगलं. शक्य असेल तर पेंढी सोडून आत हात घाला. आतून गरम लागली तर घेऊ नका. ओली बांधलेली पेंढी आतून तापते, आणि तिथेच बुरशी धरते.

मग वास. चांगल्या गवताचा वास चहापत्तीच्या डब्यासारखा येतो. कुबट, तळघरासारखा आला की विषय संपला. किंमत कितीही कमी असो. नंतर झटका. मूठभर गवत उन्हाच्या तिरिपेत झटका, पांढरी पावडर उडाली तर ती बुरशी असू शकते. यांची फुप्फुसं नाजूक असतात. बुरशीचं गवत झटकून, वाळवून, निवडून 'बरं' होत नाही. अर्धी पेंढी वाचवायच्या नादात प्राणी जातो.

घरी आणल्यावर जुन्या चादरीवर पसरा आणि मेथी निवडतो तसं निवडा. काय शोधायचं? एक, कुसळं. माळावरच्या गवतात कुसळी असते, तिचं टोक सुईसारखं असतं, डोळ्यात किंवा हिरडीत रुततं. कुसळं खूप दिसली तर ती पेंढी परत करा, निवडून संपत नाहीत. दोन, गाजर गवत, वाळलेल्या पांढऱ्या बारीक फुलांवरून कळतं. तीन, घाणेरीची पानं, जनावरांना विषारी असतात. मग प्लॅस्टिक, सुतळी, तार, गुटख्याची पाकिटं. हो, गुटख्याची पाकिटंसुद्धा निघतात. हा वेळ लागतो, मान्य आहे. पाकिटातल्या गवतात आपण या निवडण्याचेही पैसे देतो. एखादा पॉडकास्ट लावायचा आणि बसायचं.

ओलावा किती आहे हे बघायची एक शेतकऱ्यांची पद्धत सांगते, मला फार आवडते. काचेची कोरडी बरणी घ्या. थोडं मीठ तव्यावर भाजून पूर्ण कोरडं करा, गार होऊ द्या. बरणीत कापलेलं गवत आणि ते मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं किंवा गोळा झालं तर गवतात ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. सुटंच राहिलं तर साठवायला हरकत नाही. मशीन नको, ॲप नको.

एक राहिलं. नवं गवत एकदम बदलू नका. १०-१५ दिवस जुन्यात मिसळत मिसळत वाढवा. पाकिटातल्या गवतावर वाढलेले गिनी पिग देशी गवताकडे पहिल्या दिवशी असे बघतात, जसे काही आपण त्यांना कारल्याचा रस दिलाय. त्या काळात जुनं गवत पूर्ण बंद करायचं नाही. उपाशी ठेवून सवय लावणं हा प्रकार यांच्यात जिवावर बेततो.

वाळवणासारखं ठेवा

आता साठवण. इंटरनेटवर शोधलं तर सगळीकडे एकच सल्ला: गवत हवेशीर ठेवा, कापडी पिशवीत किंवा भोकं असलेल्या खोक्यात, हवाबंद करू नका. सल्ला बरोबर आहे. पण तो कोरड्या हवेच्या देशांत लिहिलेला आहे. जुलैत डोंबिवलीत, रत्नागिरीत, पणजीत हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे कापडी पिशवीतलं गवत हवेतलं पाणी ओढून घेतं. आपला पापड जसा ताटात ठेवल्या ठेवल्या मऊ पडतो, तसं.

मग काय करायचं? जे आपल्या आज्या करत आल्या तेच. मे महिन्यात कुरडया, पापड, सांडगे, हळद-तिखट सगळं कडकडीत वाळवून डब्यात बंद करतात ना? गवताचं तेच करायचं.

म्हणजे वर्षाचे दोन भाग करा. नोव्हेंबर ते मे, हवा कोरडी. तेव्हा कापडी गोणी, जुना उशीचा अभ्रा, पुठ्ठ्याचं खोकं, काहीही चालेल. फरशीवर थेट ठेवू नका, खाली दोन लाकडी पट्ट्या किंवा पाट. भिंतीला चिकटवू नका, ओल भिंतीतून येते. उन्हात ठेवू नका, रंग आणि जीवनसत्त्वं जातात. दिवाळीनंतर नवं गवत येतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा घ्यायचा मोसम. तेव्हा भावही नरम असतो आणि माल निवडून घेता येतो. पावसाळ्यात गवत घ्यायला गेलात तर महागही मिळेल आणि दमटही.

जून ते सप्टेंबरसाठी दोघांना १६ किलो लागेल, ऑक्टोबरही जुन्यावरच काढायचा, म्हणून २० धरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाच्या आधी, हे २० किलो गच्चीत किंवा गॅलरीत सावलीच्या वाऱ्यावर एक-दोन दिवस पसरा. काडी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. मिठाची परीक्षा घ्या. पास झालं तरच हवाबंद करा. नापास गवत बंद केलंत तर आत घाम सुटतो आणि आठवड्यात सगळं काळं.

बंद करताना एक मोठा ड्रम नको. आठवड्याला पुरेल एवढ्या, म्हणजे किलो किलोच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या करा, हवा दाबून काढा, घट्ट बांधा. एक पिशवी उघडली की बाकीच्यांना पावसाळी हवा लागत नाही. रजईला येतात त्या चेनच्या पिशव्या वर आवरण म्हणून चालतात. माळ्यावर किंवा दिवाणात ठेवा. महिन्यातून एकदा प्रत्येक पिशवी हातात घेऊन बघा. आतून बाष्प दिसलं, तर ती उघडा, हुंगा, शंका आली तर टाका. विदर्भ, मराठवाड्यात हवा एवढी दमट नसते, तिथे पाऊस लागून राहिला तरच ही खटपट.

किडीसाठी काही लोक धान्यात घालतात तशी बोरिक पावडर नाही तर डांबराच्या गोळ्या गवतात ठेवतात. कृपा करून नको. आपण धान्य धुऊन शिजवतो, हे बिचारे तसंच खातात. बारीक किडे दिसले तर तेवढं गवत पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. उंदरांची भीती असेल तर पत्र्याचा डबा. त्याला पर्याय नाही.

पेलेट: छोटं पाकीट, नवी तारीख

पेलेटमध्ये उलटं का, तर त्याचं कारण व्हिटॅमिन सी. माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांना गिनी पिगमध्ये स्कर्व्ही दिसला, आणि माणसाच्या स्कर्व्हीचा अभ्यास प्राण्यांवर करता यायला लागला. म्हणजे आपल्या लिंबाच्या ज्ञानात यांच्या पूर्वजांचा वाटा आहे.

यांना रोज किलो वजनाला १० ते ३० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागतं. चांगल्या पेलेटमध्ये ते घातलेलं असतं, पण ते हवा, उजेड आणि दमटपणाने मरत जातं. साधं व्हिटॅमिन सी असेल तर बनवल्यापासून साधारण तीन महिन्यांत वापरून टाकावं. टिकाऊ प्रकारचं असेल तर थोडं जास्त. म्हणून एक्सपायरीपेक्षा बनवल्याची तारीख बघा. आता गणित: दोघांना रोज ४० ग्रॅम, महिन्याला सव्वा किलो. ५ किलोची 'ऑफर'वाली पिशवी चार महिने चालणार. शेवटचा महिना तुम्ही त्यांना जवळजवळ भुसाच घालताय. मोठी पिशवी स्वस्त पडत असेल तर तीन घरं मिळून घ्या आणि त्याच दिवशी वाटून टाका.

पाकिटाच्या मागे घटक वाचा. सुरुवातीला टिमोथी किंवा इतर गवत असेल तर उत्तम. 'अल्फाल्फा मील' असेल तर ती आपली लसूणघास, पिल्लांना ठीक, मोठ्यांना नको. तंतू १८ टक्क्यांच्या वर हवेत, जास्त असतील तेवढं बरं. व्हिटॅमिन सी किती ते स्पष्ट लिहिलेलं हवं. मका, सूर्यफुलाच्या बिया, रंगीत तुकडे असलेलं मिक्स घेऊ नका, कितीही गोड दिसलं तरी. ते गोड तुकडे वेचून खातात आणि बाकीचं सोडतात. सशाचं पेलेट स्वस्त असतं, पण सशाला व्हिटॅमिन सी बाहेरून लागत नाही म्हणून त्यात ते नसतं. आणि दुकानात पोत्यातून सुटं विकतात ते? तारीख नाही, घटक नाहीत. मी घेत नाही.

घरी आणल्यावर पेलेट मूळ पाकिटासकट स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवा. पाकीट टाकू नका, तारीख त्यावर आहे. काचेची सुंदर बरणी खिडकीत ठेवण्याचा मोह आवरा. चमचा कोरडा वापरा. मुंग्या येत असतील तर डबा पाण्याच्या ताटलीत ठेवा, मुंग्यांचा विषारी खडू आसपास ओढू नका.

आणि पेलेटवर व्हिटॅमिन सीसाठी पूर्ण विसंबूच नका. ढोबळी मिरची! १०० ग्रॅम हिरव्या ढोबळीत ८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, लालमध्ये आणखी जास्त. एका गिनी पिगला दिवसाला एक मोठी फोड, २५-३० ग्रॅमची, पुरते. महाग असेल त्या आठवड्यात पेरूची छोटी फोड, पण फळ आहे, साखर असते, रोज नको. पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब विकत घेऊ नका. पाण्यात ते लवकर नासतं, आणि चव बदलली की पाणी पिणंच कमी होतं.

तर नाशिकच्या मैत्रिणी, पप्पांना हिशोब असा दाखव. महिन्याला तीन किलो देशी गवत, एक किलो ओट किंवा टिमोथी, सव्वा किलो पेलेट, आणि मंडईतून ढोबळी. नाशिकच्या आजूबाजूला दूधवाले शेतकरी पुष्कळ, ओट विचारून बघ. सुरुवातीला एकच पेंढी आण, दहा नको. ती निवडून, मिसळून, दोन आठवडे घालून बघ.

आणि एक स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरायला काढ. दर रविवारी दोघांचं वजन, एकाच वेळी, वहीत नाही तर मोबाइलमध्ये लिहून ठेव. गवत बदलताना ५०-६० ग्रॅम कमी झालं किंवा लेंड्या बारीक, कमी, कोरड्या दिसल्या तर जुन्या गवतावर परत जा आणि डॉक्टरांना दाखव. साधा कुत्र्या-मांजराचा डॉक्टर असेल तर आधी फोन करून विचार, "गिनी पिग बघता का?" कारण अमॉक्सिसिलिनसारखी काही नेहमीची अँटिबायोटिक्स यांना चालत नाहीत.

पुढच्या भागात नखं कापणं. भाकरी आत्तापासूनच पलंगाखाली गेली आहे. भेटू.